टाकीवाली

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी होतं, पण पास होण्यापुरतं. घरी मराठीच बोलतो, त्यामुळे बोलताना अडत नाही. लिहायचं म्हटलं की मात्र 'की' ऱ्हस्व का दीर्घ इथपासून तयारी. आणि मराठी आकडे हे तर माझे जन्माचे वैरी! एकोणसाठ म्हणजे फिफ्टी-नाइन का सिक्स्टी-नाइन, हे मला परवापरवापर्यंत बोटांवर मोजून ठरवावं लागायचं. त्यामुळे मराठी विभागाच्या संपादिकेने रूमवर येऊन "तू तुझ्या त्या टाकीवर लिही" असं फर्मान काढलं, तेव्हा मी सरळ हात जोडले. ती म्हणाली, "शुद्धलेखन मी बघते, तू फक्त लिही." तेव्हा यापुढे जे काही शुद्ध असेल ते तिचं, चुका माझ्या.

हॉस्टेलवर मला 'टाकीवाली' म्हणतात. जानेवारीपासून मी रोज पहाटे साडेचारला गच्चीवर जात होते, त्याचं हे बक्षीस. मेसमध्ये ताट घेऊन बसले की पलीकडच्या टेबलावरून हमखास आवाज येतो, "काय टाकीवाली, उद्या पाणी गरम का?" जणू काही मी हवामान खातंच!

आमच्या गर्ल्स हॉस्टेलच्या गच्चीवर सोलरची उभी टाकी आहे. हजार लिटरची, उंची दोन मीटर. हॉस्टेलमध्ये आम्ही १३० जणी. आता साधा हिशोब करा. टाकीतलं पाणी ६० अंश, हिवाळ्यात नळाचं पाणी २० अंश, आणि आंघोळीला आपल्याला हवं ४० अंश. म्हणजे निम्मं हे, निम्मं ते. वीस लिटरच्या बादलीला दहा लिटर गरम पाणी. हजार लिटरमध्ये झाल्या १०० बादल्या. उरलेल्या ३० जणींचं काय? रविवारी अनेकींची आंघोळ ऐच्छिक असते, त्यामुळे तो दिवस निभावतो. बाकीचे सहा दिवस बाथरूमसमोर जे चालतं ते लिहिण्यासारखं नाही, आणि लिहिलं तरी संपादिका छापणार नाही.

रेक्टर मॅडमच्या ऑफिसात भिंतीवर एक पॅनेल होतं. लाल आकड्यांत टाकीचं तापमान दाखवायचं. थंडीत रोज चार-पाच जणी ओल्या केसांनी, कुडकुडत तक्रार घेऊन जायच्या. मॅडम मान वर करून पॅनेलकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "एकोणसाठ दाखवतंय. गार कसं येईल? तुम्हाला उठायला नको वेळेवर!" विषय संपला.

गंमत अशी की मॅडम खोटं बोलत नव्हत्या. पॅनेलही खोटं बोलत नव्हतं. आणि पाणी तर गारच येत होतं!

त्या वेळी मी मिनी प्रोजेक्टसाठी विषय शोधत होते. गाइड सरांना हा किस्सा सांगितला. मला वाटलं सर हसतील. सरांनी विचारलं, "त्या पॅनेलचा सेन्सर टाकीत कुठे बसवलाय?" मला माहीत नव्हतं. वॉचमन काकांना घेऊन गच्चीवर गेले, तर सेन्सर टाकीच्या अगदी डोक्यावर. कारण विचारलं तर काका म्हणाले, "तिथं भोक तयारच होतं, बाई."

या एका वाक्यात निम्मं इंजिनिअरिंग आहे असं सर नंतर म्हणाले. सेन्सर बहुतेक वेळा तिथेच बसतो जिथे भोक तयार असतं.

आता डोक्यावर बसवला तर बिघडलं काय? गरम पाणी हलकं, ते वर राहतं. नळ सोडला की वरचं गरम पाणी बाहेर जातं आणि तळातून तेवढंच गार पाणी आत शिरतं. दोन्ही लगेच मिसळत नाहीत. वर गरम थर, खाली गार थर, आणि मध्ये एक पातळ पट्टा, जिथे तापमान झपकन उतरतं. त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं, आकृतीही काढली होती, पण डोळ्यांसमोर काही येत नव्हतं. मी मोठ्याने वाचत होते, तेव्हा रूममेट पांघरुणातून म्हणाली, "म्हणजे आमच्या विहिरीसारखं. पोहायला उतरलं की छातीपर्यंत कोमट, आणि पाय खाली सोडले की एकदम बर्फ. तसंच असतंय ना?"

अगदी तसंच! मी स्विमिंग पूलमध्ये शिकलेली, मला हे कुठून कळणार? रूममेट हिंगोली जिल्ह्यातली, मराठी माध्यमातली. जुलैपासून आम्ही एकत्र राहतो. तिने एका वाक्यात मला थर्मोक्लाइन समजावला आणि परत झोपली. तिचं हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर बादल्या जातात तशी ही 'विहीर' उलटी भरत जाते. गार थर तळापासून वर चढत येतो. पण तो डोक्यापर्यंत पोचेपर्यंत वरचा सेन्सर इमानदारीत एकोणसाठच दाखवतो. ज्या क्षणी तो खाली येतो, त्या क्षणी टाकी संपलेली असते. आणि यातून आणखी एक घोळ. टाकीत रात्रीसाठी विजेचा हीटर आहे. ढगाळ दिवशी टाकी अर्धीच तापते, पण ते अर्धं गरम पाणी वरच जाऊन बसतं. संध्याकाळी मॅडम पॅनेल बघतात, एकोणसाठ. मग हीटर कशाला लावायचा? वीजबिल कोण भरणार? हीटर बंद. सकाळी तीसच्या ऐवजी ऐंशी जणी गार पाण्यात.

सर म्हणाले, "सेन्सर कुठे बसवायचा हा तुझा प्रोजेक्ट. पण अंदाजाने नाही. एन्ट्रॉपी काढून."

एन्ट्रॉपी म्हटल्यावर माझा चेहरा पडला. सेकंड इयरला थर्मोडायनॅमिक्समध्ये ती भेटली होती. क्लॉसियसने १८६५ साली तिला हे नाव दिलं आणि तेव्हापासून विद्यार्थ्यांचे हाल सुरू आहेत. पण सर म्हणाले, ही तिची दुसरी बहीण. क्लॉड शॅनन नावाच्या इंजिनिअरने १९४८ साली टेलिफोन-तारांचा विचार करताना माहिती मोजायचं माप शोधलं. त्याचं सूत्र थर्मोडायनॅमिक्समधल्या सूत्रासारखंच निघालं. अशी गोष्ट सांगतात की फॉन नॉयमनने त्याला हेच नाव ठेवायचा सल्ला दिला, कारण एन्ट्रॉपी म्हणजे काय ते कुणालाच नीट कळत नाही, त्यामुळे वादात तूच जिंकशील! गोष्ट खरी असो वा नसो, ओरलला कामाला येते.

शॅननची एन्ट्रॉपी मला मेसमुळे समजली. गुरुवारी भाजी कुठली? बटाटा. कायम बटाटा. मग गुरुवारी कुणी धावत येऊन "अगं, आज बटाटा आहे!" असं सांगितलं तर तिने मला काय सांगितलं? काहीच नाही. उत्तर आधीच माहीत होतं. एन्ट्रॉपी शून्य. रविवारी मात्र गुलाबजाम किंवा श्रीखंड, दोन्हींची शक्यता सारखी. इथे बातमीला किंमत आहे. ती किंमत बरोबर एक बिट. सारख्या शक्यतेचे चार पदार्थ असते तर दोन बिट. म्हणजे उत्तर ऐकण्याआधी आपण जितके अंधारात, तितकी त्या उत्तरात माहिती जास्त. सूत्रात हेच आहे: प्रत्येक शक्यतेला तिच्याच लॉगने गुणा, सगळ्यांची बेरीज करा, पुढे वजा चिन्ह लावा. मायनस सिग्मा पी लॉग पी. लॉगचा पाया दोन घेतला की उत्तर बिटमध्ये.

लहानपणी आपण खेळायचो ना, 'माझ्या मनात एक ते शंभरमधला आकडा आहे, ओळख'? जो कच्चा खेळाडू असतो तो विचारतो, "शंभर आहे का?" नव्याण्णव वेळा उत्तर 'नाही'. पक्का खेळाडू विचारतो, "पन्नासच्या वर आहे का?" त्याला हो येवो वा नाही, निम्मा ढीग बाद. असे सात प्रश्न पुरतात, कारण दोनाचा सातवा घात १२८. आमचा डोक्यावरचा सेन्सर हा कच्चा खेळाडू होता. रोज विचारायचा, "शंभर आहे का?"

आता कामाला लागलो. एका सीनियरच्या प्रोजेक्टचे दहा सेन्सर पंधरा दिवसांसाठी उसने मिळाले. डीएस-१८-बी-२० जातीचे, पाण्यात चालणारे, स्टीलच्या टोपीतले. टाकीला नवीन भोक पाडायला रेक्टर मॅडमची सक्त मनाई. मग हवा जाण्यासाठी टाकीवर जो पाइप असतो, त्यातून एक दोरी आत सोडली. दोरीवर दर वीस सेंटिमीटरला एक सेन्सर. वरचा नंबर एक, तळाचा नंबर दहा. गच्चीवर आर्डुइनो प्लॅस्टिकच्या डब्यात. पंधरा दिवसांनी दहाही परत करायचे होते आणि कायमच्या पॅनेलला जोडायला जागा तीनच सेन्सरना. म्हणजे प्रश्न एकदम नेमका: दहांतल्या कुठल्या तीन जागा?

पहाटे साडेचारला दोरी सोडायला मला एक माणूस हवा होता. कुठलीच मैत्रीण तयार होईना. रूममेट म्हणाली, "मी येते, मी जागीच असते." ती जागी का असते, हे मी विचारलं नाही. मला दोरी धरायला माणूस मिळाला, मी खूष.

पहिल्या दिवशी मोठाच गोंधळ झाला. जुनं पॅनेल आणि आमचा सेन्सर जुळतात का ते बघायला वॉचमन काका खालून ओरडून आकडा सांगत होते. "एकोणसाठ!" मी लिहिलं ६९. पुन्हा "एकोणसाठ!" पुन्हा ६९. आमचा सेन्सर ५९ वर. मी म्हटलं, गेला, दहा अंशांची चूक, सगळे सेन्सर खराब! रूममेटने वहीत डोकावून पाहिलं आणि इतकी हसली की दोरी सुटता सुटता राहिली. "अगं, साठला एक कमी!" त्या पहाटे गच्चीवर मी मराठी आकड्यांचा पहिला धडा घेतला. वयाच्या विसाव्या वर्षी.

पहाटे साडेचार ते साडेआठ, दर मिनिटाला दहा आकडे. असे बारा दिवस. मग रूमवर बसून पायथॉनमध्ये हिशोब. तापमानाचे चार गट केले: ५० च्या वर कढत, ४० ते ५० गरम, ३० ते ४० कोमट, त्याखाली गार. प्रत्येक सेन्सर किती वेळ कुठल्या गटात होता ते मोजलं, त्यावरून एन्ट्रॉपी. डोक्यावरचा नंबर एक दहातले नऊ वेळा कढत, एकदाच काहीतरी वेगळा: ०.४७ बिट. तळाचा नंबर दहा सकाळपासून गारच: जवळपास शून्य. मधला नंबर पाच मात्र कधी कढत, कधी गरम, कधी कोमट, कधी गार: १.९ बिट. चार गटांत जास्तीत जास्त दोन बिटच शक्य असतात, त्यामुळे पाच म्हणजे जवळजवळ टॉपर! मी खूष होऊन यादी सरांकडे नेली.

यादीत पाचाच्या खालोखाल नंबर नऊ होता. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "तळाजवळचा नऊ? त्याची एन्ट्रॉपी एवढी कशी?" आकडे काढून बघितले तर नऊ कधी गार, कधी ८५, कधी उणे १२७! हजार लिटरच्या टाकीत उणे १२७ अंश! झालं असं होतं की त्याचा वायरचा जोड सैल होता. या सेन्सरला वीज तुटून पुन्हा मिळाली की पहिला आकडा ८५ देतो, आणि अजिबात संपर्क नसला की प्रोग्रॅम उणे १२७ छापतो. माझ्या प्रोग्रॅमने त्याच्यासाठी गुपचूप पाचवा गट काढला होता. तीन उत्तरं सारख्या प्रमाणात आली की १.५८ बिट होतात. म्हणून महाशय दुसऱ्या नंबरावर!

सर हसून म्हणाले, "एन्ट्रॉपीला गोंधळ आणि माहिती यातला फरक कळत नाही. तिला फक्त अनिश्चितता कळते." आमच्या विंगमध्ये एक मुलगी आहे, ती पुढच्या क्षणी काय बोलेल याचा कुणालाच अंदाज येत नाही. एन्ट्रॉपी प्रचंड. पण तिच्या बोलण्यावरून परीक्षा कधी आहे ते कळतं का? नाही. (ती हे वाचणार आहे. सॉरी गं!)

जोड पक्का केला. नऊ गप गार झाला. नवी यादी: पाच, सहा, चार. तिघांची एन्ट्रॉपी सगळ्यात जास्त. मला वाटलं, संपलं. सर म्हणाले, "शेजारी-शेजारी राहणाऱ्या तिघांना एकच साक्ष द्यायला कशाला बोलावतेस?" बरोबरच होतं. पाच कढत असला की चारही कढतच असणार, कारण तो त्याच्या वर आहे. पाचाने सांगितल्यावर चाराकडे नवीन सांगायला फारसं उरतच नाही. म्हणून पहिला निवडल्यावर प्रश्न बदलतो. 'सगळ्यात अनिश्चित कोण?' असं नाही. 'पाचाचं उत्तर कळल्यावरही अजून सगळ्यात अनिश्चित कोण?' असं विचारायचं. उत्तर आलं आठ. मग पाच आणि आठ कळल्यावर कोण? तीन. म्हणजे तोच आकडा ओळखायचा खेळ: आधी मध्ये विचारा, मग उरलेल्या भागांच्या मध्ये.

अशा एकेक करून निवडण्याला ग्रीडी पद्धत म्हणतात. नाव हावरट असलं तरी पद्धत गुणी आहे. नेमहाउजर, वोल्सी आणि फिशर या तिघांनी १९७८ साली सिद्ध केलेल्या एका प्रमेयातून अशी हमी मिळते की, या पद्धतीने मिळणारी एकत्रित एन्ट्रॉपी सर्वोत्तम निवडीच्या निदान ६३ टक्के तरी असते. आमच्या टाकीला खरं तर हमीची गरज नव्हती. दहातून तीन निवडायचे १२० प्रकार, लॅपटॉप क्षणात सगळे तपासतो. तपासले, उत्तर तेच आलं. पण १०० जागांतून १० निवडायच्या तर सुमारे १७ लाख कोटी प्रकार होतात. मोठी भट्टी, सर्व्हर रूम, इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी, सगळीकडे हाच पेच: जागा शेकडो, सेन्सर मोजके.

सरांनी शेवटी एक पेपर वाचायला दिला. क्राउझे, सिंग आणि गेस्ट्रिन यांचा, २००८ सालचा. त्यांनी इंटेलच्या बर्कले इथल्या लॅबमधल्या ५४ सेन्सरच्या तापमान-नोंदी वापरल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं की नुसत्या एन्ट्रॉपीने निवड केली की सेन्सर कडेकडेला जाऊन बसतात आणि त्यांची निम्मी नजर भिंतीपलीकडे वाया जाते. म्हणून 'या सेन्सरमुळे बाकीच्या जागांबद्दल किती कळतं?' हे मोजा. म्हणजे आधी ठरवा की तुम्हाला जाणून काय घ्यायचंय. सरांनी मला तेच विचारलं, "तुला नेमकं काय जाणून घ्यायचंय? टाकीचं तापमान?"

मी म्हटलं, "नाही सर. शेवटच्या मुलीला गरम पाणी मिळेल का, ते."

"मग शेवटच्या मुलीला विचारलंस का?"

इथून पुढचं लिहू का नको, असा बराच विचार केला. रूममेटला विचारलं. ती म्हणाली, "लिही, फक्त माझं नाव नको."

मी सर्व्हे केला होता. फॉर्म छापून खोलीखोलीत वाटला होता. प्रश्न होता, 'तुम्हाला सकाळी गरम पाणी मिळतं का?' बहुतेकींनी 'हो' लिहिलं, काहींनी 'कधीकधी'. रूममेटनेही 'हो' लिहिलं होतं. सरांनी फॉर्म चाळले आणि म्हणाले, "हा तुझा डोक्यावरचा सेन्सर. हो म्हणणंच सोपं आहे असा प्रश्न विचारलास, हो आलं. असं काहीतरी विचार ज्याचं उत्तर तुला खरंच सांगता येणार नाही."

त्या रात्री मी रूममेटला सहज विचारलं, "तू शेवटची गरम पाण्याने आंघोळ कधी केलीस?"

ती जरा थांबली. "सुट्टीत. घरी. चुलीवरच्या पाण्याने."

सुट्टी डिसेंबरात संपली होती. आम्ही फेब्रुवारीत बोलत होतो. दोन महिने ही मुलगी माझ्यापासून चार फुटांवर झोपत होती, पहाटे माझ्याबरोबर गरम पाण्याच्या टाकीत दोरी सोडत होती, आणि नंतर गार पाण्याने आंघोळ करत होती! मी म्हटलं, "मग फॉर्मवर हो का लिहिलंस?" ती म्हणाली, "तू विचारलंस म्हणून. नाही लिहून काय होणार होतं?"

मग मी पुढचा प्रश्न विचारला, जो जुलैत विचारायला हवा होता. "तू जागी का असतेस?"

ती रात्री तीनपर्यंत डिक्शनरी घेऊन हीट ट्रान्स्फर वाचत असे. पहाटे जरा पडली की माझी दोरी. परत येऊन झोपायची, ती आठला उठायची, तेव्हा टाकी संपलेली. गेल्या सेमला दोन विषय गेले होते, त्यातला एक हीट ट्रान्स्फर. घरी सगळे निघाले असं सांगितलं होतं. आणि पेटीत, स्वेटरच्या खाली, कॉलेज सोडायचा अर्ज लिहून ठेवला होता. फक्त तारीख टाकायची बाकी होती.

जिने मला विहिरीवरून थर्मोक्लाइन समजावला, ती हीट ट्रान्स्फरमध्ये नापास!

मला खूप काही बोलायचं होतं, पण काही सुचलं नाही. सगळ्यात वाईट आठवलं ते हे की मी तिला दोन-तीनदा शिकवायला बसले होते. माझ्या कॉन्व्हेंटच्या इंग्लिशमध्ये, माझ्या स्पीडने. प्रत्येक परिच्छेदानंतर विचारायचे, "समजलं ना?" ती मान हलवायची, "हो." 'समजलं ना' या प्रश्नाला हॉस्टेलच्या इतिहासात कुणी कधी 'नाही' म्हटलंय का? गुरुवारचा बटाटा! मी सहा महिने डोक्यावरच्या भोकातून तापमान बघत होते, एकोणसाठ, एकोणसाठ, एकोणसाठ. आणि रेक्टर मॅडमना हसत होते.

आता आम्ही उलटं करतो. ती मला शिकवते, मराठीत. कंडक्शन म्हणजे काय, फिन कशाला लावतात, सगळं तिच्या शब्दांत. कुठे अडली तर तिथे बरोबर कळतं की गाडी कुठे अडते. बहुतेक वेळा विषयात नाही, वाक्यात अडते. मग ते एक वाक्य आम्ही दोघी मिळून इंग्लिशमध्ये लिहितो. ती पाठ नाही करत, दुसऱ्या दिवशी स्वतः पुन्हा लिहून दाखवते. बदल्यात ती माझे मराठी आकडे घेते. रोज दहा. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद अजून चुकतात.

टाकीचं पुढे काय झालं? पॅनेलवर आता तीन आकडे दिसतात: तीन, पाच आणि आठ नंबरच्या जागांचे. मॅडम संध्याकाळी तिन्ही बघतात. पाच आणि आठ गार असले की रात्री हीटर लागतो. मॅडमना मी बिट-बिट काही सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की मधलं बघा, वरचं बघू नका. त्यांना पटलं. शिवाय मजल्यांचे नंबर आठवड्याला बदलतात, त्यामुळे शेवटचा मान सगळ्यांना मिळतो! एक प्रामाणिकपणे सांगते, सेन्सरने पाणी एक लिटरही वाढलं नाही. १३० जणींना हजार लिटर कमीच पडतं. नवीन टाकीचा अर्ज मॅडमनी दिलाय. पण पाणी गार आहे हे आता पॅनेललाही दिसतं, हेही काही कमी नाही.

रूममेटचे दोन्ही पेपर मे महिन्यात आहेत. हा अंक तुमच्या हातात येईल तेव्हा निकाल लागलेला नसेल. त्यामुळे शेवट गोड झाला असं लिहायची सोय नाही. अर्ज अजून पेटीत आहे. तो फाडून टाक असं मी म्हणत नाही. तो तिचा आहे. फक्त त्यावर अजून तारीख पडलेली नाही.

वाचकहो, माझ्या प्रोजेक्टला किती मार्क मिळतील ते माहीत नाही. पण हॉस्टेलमध्ये आपण दिवसभर एकमेकींना जे विचारतो ना, "काय गं, बरी आहेस ना?", "झालं का सबमिशन?", "जेवलीस का?", त्यातले बरेचसे प्रश्न डोक्यावर बसवलेले आहेत. ते विचारू नका असं नाही, त्यात माया असते. पण तिथेच थांबू नका. आजही रूममेटला विचारलं की ती "बरंय" असंच म्हणते. मग मी जरा खालचा प्रश्न विचारते.

आणि हो, एकोणसाठ म्हणजे फिफ्टी-नाइन. साठला एक कमी. आता बोटं लागत नाहीत.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल